दोन फूट माती

शंभरातले पस्तीस कमी करा, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडात बिस्कीट होतं, त्यामुळे मॅडमना आधी नुसतं पाच ऐकू आलं. पाचाचं काही वाटलं नसतं. प्रत्येक अंदाजपत्रकात तेवढं त्या आधीच वाढवून ठेवत, मागाहून कापायला हाताशी काहीतरी असावं म्हणून.

"पस्तीस," साहेब चहाचा घोट घेऊन पुन्हा म्हणाले. "गुरुवारपर्यंत. वरून आलंय."

"साहेब, पस्तीस काढले तर बाग उरत नाही."

"उरेल तेवढी उरेल. नाव बागच ठेवायचं."

मॅडम उद्यान विभागात अभियंता होत्या. बावीस वर्षं त्याच खात्यात, त्याच खिडकीशेजारच्या टेबलावर. सगळी कचेरी त्यांना 'बागवाल्या मॅडम' म्हणायची. घरी त्यांच्याकडे साधी एक कुंडी नव्हती. दिवसभर झाडांचे आकडे लिहून आलेल्या माणसाला घरी गेल्यावर पानही बघवत नाही, असं त्या म्हणायच्या.

फाईल घेऊन त्या मागच्या खोलीत आल्या. तिथे खोडरबर बसायचा. खोडरबर म्हणजे नकाशे काढणारा. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला सात महिने बाकी. नकाशे आता संगणकावर निघत असले तरी तो आधी कागदावर छापून घ्यायचा आणि मग पेन्सिलीने त्यावर काम करायचा. काढण्यापेक्षा खोडण्यात आपली जास्त वर्षं गेली, असं तोच कधीतरी म्हणाला होता आणि तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं होतं.

"किती?" त्याने विचारलं.

"पस्तीस."

त्याने चष्मा पुसला, नकाशा टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं: डबा, पंचिंग मशीन, शाईची बाटली, स्वतःचा मोबाईल.

नकाशा देखणा होता. दोन रस्त्यांच्या मधल्या खोलगट जागेवर ही बाग व्हायची होती. तिथे पूर्वी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकत. पावसाच्या दिवसांत तिथे महिना महिना पाणी साचायचं आणि फार झालं की समोरच्या गल्लीत शिरायचं. मॅडम आणि खोडरबर यांनी त्या खड्ड्याची बाग करून दाखवली होती, कागदावर. मधोमध कारंजं, दर्शनी बाजूला दगडी कमान, बसायला खांबांवर उभी छत्री, चौदा बाक, सहा झोके, फरसबंद वाट, वीस दिवे. आणि जे कुणाला दिसणार नव्हतं ते: सगळ्या जागेवर दोन फूट चांगली माती आणि तिच्याखालून साचलेलं पाणी वाहून नेणारे पाइप.

"कारंजं," मॅडम म्हणाल्या.

"कारंजं गेलं," खोडरबर म्हणाला आणि घासायला लागला. "तसाही कारंज्याचा कुणाला फायदा झालाय, डास सोडले तर?"

छत्री गेली. वीस दिव्यांचे सहा झाले. झोके दोन राहिले. फरशी जाऊन मुरुमाची वाट आली. चौदा बाकांचे चार उरले. मॅडमनी बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. अजून बरंच कापायचं होतं.

"मातीवर किती जातंय?" खोडरबरने विचारलं.

"सगळ्यात जास्त."

"मग?" तो म्हणाला. "मातीची खोली कोण मोजायला जातंय?"

ती कुणी मोजत नाही हे मॅडमइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी बस आगारामागच्या बागेचं अंदाजपत्रक असंच परत आलं होतं. तेव्हा त्यांनी दोन फुटांची सहा इंच माती केली होती आणि बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. बाग बघून सगळे खूश झाले. हिरवळ गालिच्यासारखी, बँड, फोटो, साहेबांच्या साहेबांची पाठीवर थाप. चौदा महिन्यांत गवत पिवळं पडलं आणि झाडं कमरेएवढी होऊन वाळली. चौकशी झाली. कंत्राटावर ठेवलेला माळी पाणी घालत नाही, असं ठरलं. तो मॅडमच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला होता. "पाणी घालतो हो मॅडम, रोज दोन वेळा घालतो. पण मुळं खाली जातच नाहीत. खाली नुसत्या विटा लागतात." मॅडम म्हणाल्या होत्या, "बघते मी." त्यांनी काही बघितलं नाही. पुढच्या महिन्यात माळ्याला काढलं. आता त्या बागेत गाड्या लावतात.

"कमान खोड," मॅडम म्हणाल्या.

खोडरबरने मान वर केली. "कमानीवर सभापतींचं नाव आहे, बाई."

"माहितेय. मीच लिहिलंय ते."

"तुम्ही आधी साहेबांना विचारा."

"तू खोड रे. विचारत बसले तर माझा धीर सुटेल."

त्याने कमान खोडली. दगडी होती, वेळ लागला.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा सासूबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून शेंगा निवडत होत्या. मॅडमचे यजमान दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस घरात या दोघीच, आणि दोघींचं बोलणं बहुतेक भाजीवरून नाहीतर गुडघ्यांवरून.

"चेहरा का असा उतरलाय?" सासूबाईंनी विचारलं.

"बाग कापतेय, आई. पलीकडची."

"आपली?"

ती जागा घरापासून दोन गल्ल्या सोडून होती. सासूबाई दोन वर्षं तिच्या गोष्टी ऐकत होत्या आणि शेजारणींना सांगतही होत्या.

"काय काय काढलंस?"

मॅडमनी सांगितलं. सासूबाई शेंगेचा देठ मोडत राहिल्या.

"संडास?"

"आहे."

"मग ठीक आहे. म्हाताऱ्या माणसाला बाकी काही नसलं तरी चालतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवायला बस आता. कापलेलं काही परत चिकटणार नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद वाचला आणि दार लावून घेतलं.

"कमान काढलीत? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कमान ठेवायची तर माती काढावी लागेल, साहेब. दोन्ही बसत नाही."

"मग माती काढा! अहो, उद्‌घाटनाला माणसं येणार, ती काय खणून बघणार आहेत? सभापतींना मी दाखवू काय? जमिनीखालचे पाइप?"

"त्या खड्ड्यात खाली सगळा राडारोडा आहे. दोन वर्षांत सगळं मरेल."

"दोन वर्षांत तुम्ही कुठे, मी कुठे," साहेब म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनाही कंटाळा आला होता. त्यांच्या टेबलावर अशा अकरा फायली होत्या आणि प्रत्येकीवर पस्तीस लिहिलेलं होतं.

"मी लेखी देते," मॅडम म्हणाल्या. "कमान काढायचा निर्णय माझा, तांत्रिक कारणासाठी. खाली माझी सही. तुम्ही सांगा, बाईंनी ऐकलं नाही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हाला हे महागात पडेल."

"पडेल."

"कशाला पण?"

मॅडमना माळ्याचं सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे नऊ वर्षं मागे जाऊन सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि अंगात तेवढं त्राण नव्हतं. "मला परत तेच करायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. टिपणी लिहून, सही करून दिली. साहेबांनी कागद जरा घाईनेच फायलीत घातला.

त्याच दुपारी शिंपीकाका आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं, अगदी त्या खड्ड्यासमोर. वय अठ्ठ्याहत्तर. बाग व्हावी म्हणून अकरा वर्षं अर्ज करत होते. दरवर्षी एक, स्वतःच्या हाताने लिहिलेला, आणि प्रत्येक अर्जाला टाचणीऐवजी दोऱ्याचे दोन टाके. कचेरीत तो अर्ज कुणाचा, हे न वाचताच कळायचं.

"कापाकापी चाललीय असं कानावर आलं," ते म्हणाले. "माझा धंदाच तो आहे, म्हणून विचारायला आलो. किती आखूड करताय?"

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि यादी वाचून दाखवली. काका मान हलवत राहिले. कारंज्याला, कमानीला, छत्रीला त्यांनी सरळ हात झटकला. "ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांगा. बाक?"

"चार आहेत."

"चौदा होते."

"होते, काका."

काकांनी हिशेब केला. बोटांवर नव्हे, माणसांवर. "मी. समोरचे मास्तर. गिरणीवाला. माझी बायको, तिला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. इतकी वर्षं आम्ही दुकानाच्या पायरीवर बसतो. चारात भागेल. चार नक्की ना?"

"नक्की," मॅडम म्हणाल्या. "चार मी ठेवते."

हे बोलायला नको होतं. पण म्हातारा माणूस दोन जिने चढून आला होता आणि त्याला धाप लागली होती.

गुरुवारी साडेतीनला फाईल लेखा विभागाकडून परत आली. वर पिवळी चिठ्ठी: आणखी पाच कमी करून आजच पाठवा. कचेरी साडेपाचला सुटायची.

खोडरबरने नकाशा पुन्हा पसरला. आता तो बराच मोकळा दिसत होता. दोघांनी मिळून उरलेलं वाचलं. संडास. पिण्याच्या पाण्याचा नळ. कुंपणाची जाळी. सहा दिवे. चार बाक. दोन झोके. झाडं. माती. पाइप.

"दोनाची दीड फूट माती करू," खोडरबर हळूच म्हणाला. "बाई, अर्ध्या फुटाने काय होतंय? लगेच बसतंय सगळं."

त्यात तथ्य होतं. मॅडमनी मागच्या वेळीही असंच अर्ध्या फुटापासून सुरू केलं होतं. आधी दीड, मग लेखा विभागाने परत पाठवल्यावर एक, मग सहा इंच. एकदम दोनाचे सहा इंच कुणी करत नाही.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली सायकली लावायच्या शेडवर कुणीतरी जुने फ्लेक्स वाळत घातले होते. डोकं दुखत होतं. निर्णय घ्यायचाय असं त्यांना वाटतच नव्हतं, नुसतं कुठेतरी पाठ टेकावी असं वाटत होतं.

"बाक काढ," त्या म्हणाल्या. "आणि फाटकाजवळचे दोन ठेवून बाकीचे दिवे."

"चारही?"

"चारही."

"तुम्ही त्या काकांना..."

"मला माहितेय मी काय बोलले ते."

खोडरबरने रबर उचललं. चार लहान चौकोन होते. फुंकर मारून त्याने कागद झटकला आणि पाच वाजून दहा मिनिटांनी फाईल गेली.

मॅडम घरी न जाता सरळ दुकानावर गेल्या. फोन केला असता तर सोपं झालं असतं. शिंपीकाका मशीनवर एका शाळेच्या गणवेशाला खिसा लावत होते. त्यांनी मशीन थांबवलं नाही. मॅडमनी उभ्याउभ्याच सांगितलं. मशीन थांबलं.

"चारही?"

"हो."

"आणि माती?"

"ती पूर्ण ठेवली. पाइपही. झाडं नीट वाढतील, काका. गल्लीत पाणी येणार नाही. दहा वर्षांनी बघाल तर..."

"दहा वर्षांनी कोण बघणार?" काका म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खिशाकडे बघतच बोलत होते. "बाई, मी अठ्ठ्याहत्तरचा. तुमचं झाड सावली देईल तेव्हा मी कुठे असेन? मी अकरा वर्षं अर्ज केले ते काय मातीसाठी? मला टेकायला जागा हवी होती. आत्ता."

काका म्हणत होते ते खरं होतं आणि मॅडमनी केलं तेही बरोबर होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना शिवून द्यायचं काम त्यांना येत नव्हतं.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "नक्की म्हणायला नको होतं."

"नको होतं," काका म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

बागेचं उद्‌घाटन झालंच नाही. कमान नाही म्हटल्यावर सभापतींनी त्या दिवशी दुसरं काम काढलं. मग एका सकाळी कंत्राटदाराच्या माणसांनी भोवती लावलेले पत्रे काढून नेले, तेवढंच. लोक आत आले. काळी माती, तिच्यावर मधेमधे गवताची रोपं टोचलेली, काठीला बांधलेली साठ झाडं, प्रत्येक झाड छत्रीच्या दांड्याएवढं. मुरुमाची वाट. दोन झोके. एका कोपऱ्यात संडास, आणि सगळ्या बागेत उठून दिसणारी वास्तू तीच. लोकांनी एक चक्कर मारली आणि ते घरी गेले.

"भाजीवाली विचारत होती," सासूबाई त्या आठवड्यात म्हणाल्या, "तुमच्या सुनेनेच केलंय ना हे मैदान?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? आणि तिथे कोथिंबीर घेणं बंद केलं. तशीही शिळीच देते."

दीड महिन्याने बदलीचा कागद आला: पाण्याच्या मीटरच्या तक्रारी, तळमजला. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मी अडवायचा प्रयत्न केला." खरंच केला असेलही. मॅडमनी टेबलाचा खण रिकामा केला. खोडरबरने सामानाचा एक खोका उचलून खाली आणून दिला आणि जिन्यात तीनदा थांबला. तळमजल्यावर खिडकी नव्हती, पण काम सोपं होतं. लोक यायचे, बिल जास्त आलंय म्हणायचे, मॅडम मीटर बघायला माणूस पाठवायच्या. संध्याकाळी काही शिल्लक राहायचं नाही. तरी थकवा काही गेला नाही. मुक्कामाला आलेल्या नातेवाइकासारखा तो आता घरचाच झाला होता.

त्या वर्षी पाऊस दणकून झाला. सलग नऊ दिवस. एका संध्याकाळी मॅडम छत्री घेऊन बागेपर्यंत गेल्या आणि कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. आत पाणी चमकत होतं. त्या कुंपणाला धरून पुढे वाकल्या. मग नीट बघितलं तर ते चालतं पाणी होतं, वाटेच्या कडेने सरकत पाइपाच्या तोंडाशी जाऊन खाली उतरत होतं. समोरची गल्ली नुसती ओली होती. दुकानाची पायरी कोरडी होती आणि तिच्यावर शिंपीकाका आणि मास्तर बसले होते. काकांनी मॅडमना बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. गल्लीत पाणी शिरलं नाही याबद्दल कुणी कुणाला काही बोललं नाही. घरात न आलेल्या पाण्याची आठवण कोण काढतं?

बोलणं झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी, एका रविवारी सकाळी. गवत तोवर सगळीकडे पसरलं होतं. झाडं मॅडमच्या डोक्याच्या वर गेली होती, पण सावली म्हणावी अशी नव्हती, नुसते जमिनीवर ठिपके. सासूबाईंना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून दोघी आल्या होत्या. वाटेच्या वळणावर शिंपीकाका एका घडीच्या खुर्चीवर बसलेले. खुर्चीला नवं कापड लावलेलं, चौकड्यांचं, चारही कडांना दुहेरी शिलाई. सोबत कुणी नव्हतं. काकू उन्हाळ्यात गेल्या हे मॅडमना कळलं होतं. भेटायला जायचं ठरवूनही त्या गेल्या नव्हत्या.

"काका," मॅडम म्हणाल्या. "काकूंचं कळलं. मी यायला हवं होतं."

"यायला हवं होतं," काका म्हणाले. मग झाडाकडे बघून, "सावली नाही अजून."

"नाही."

"पण वाढतंय बरं. पलीकडच्या चौकातलं झाड माझ्या नातीच्या बारशाला लावलेलं, तरी त्याची फांदी याहून बारीक आहे." ते जरा थांबले. "बाक द्यायलाच हवे होते तुम्ही."

"हो. द्यायला हवे होते."

"मातीतली थोडी काढून."

"नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "मातीतली नाही."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त गुडघ्यावरचा दोऱ्याचा तुकडा झटकला. "हट्टी आहात," ते म्हणाले.

तेवढ्यात सासूबाई दम लागून खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि आत्ता पडेन की मग, असं तोंड केलं. काका पुटपुटत उठले. "बसा, बसा. माणसाला स्वतःच्या खुर्चीवरही कुणी बसू देत नाही." सासूबाई आढेवेढे न घेता बसल्या आणि त्यांनी कापडावरून हात फिरवून शिलाई बघितली. शिलाई पसंत पडल्यावर त्यांनी शिवायला काय घेता ते विचारलं. त्यांच्या दोन गाद्यांच्या खोळी उसवल्या होत्या. काका म्हणाले, गाद्या ते शिवत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, खोळी म्हणजे गाद्या नव्हेत. ते लांबलं.

मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या, गवतावर. इतक्या बागा केल्या, पण अशा त्या कधी कुठल्या बागेत बसल्या नव्हत्या. जमीन मऊ होती, हात टेकवला की जरा आत जात होती. गवत ओलं होतं, कपड्यांतून गार लागलं. कपडे खराब होणार हे कळत होतं, पण उठायचा कंटाळा आला म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.